चाकाला हात लावून बघा

चाळीस वर्षं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रॉल्या आणि ट्रेलर दुरुस्तीचं काम केलं. उसाच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, मळणीयंत्रं, जे जे चाकावर चालतं ते हाताखालून गेलं. आज बोलणार आहे ते मात्र आमच्या भागात तसं नवीन असलेल्या वाहनाबद्दल. बोट वाहून नेणारा दोन चाकांचा ट्रेलर.

कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पूर नवा नाही. पूर्वी पाणी वाढलं की गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील पाण्यात ढकलायची आणि तीत बसून माणसं काढायची. २००५चा पूर लोकांनी पाहिला. २०१९चा त्याहून मोठा पाहिला. त्यानंतर काही गावांत फायबरच्या, इंजिनावर चालणाऱ्या बोटी आल्या. बोट आली म्हणजे ती ठेवायला शेड आली आणि हलवायला ट्रेलर आला. बोटीच्या इंजिनाची सगळे काळजी घेतात. ते सुरू करून बघतात, तेल बदलतात, वर ताडपत्री घालतात. ट्रेलरच्या चाकांकडं कुणी बघत नाही. मीही नीट बघितलं नव्हतं. त्याचीच ही हकिकत.

जुलैमधली ती रात्र

२०२१चा जुलै. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. शिरोळ तालुक्यातल्या एका गावची बोट दुसऱ्या गावच्या मळ्यातल्या वस्तीकडं निघाली होती. तिथं दोन कुटुंबं घराच्या स्लॅबवर चढून बसली होती. जवळचे रस्ते पाण्याखाली गेलेले, म्हणून लांबचा वळसा घ्यावा लागला. रात्री अकराच्या सुमाराला पिकअप चालवणाऱ्या पोराचा मला फोन आला, "काका, डाव्या चाकातनं धूर यायलाय. काय करू?"

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. ट्रेलरचा हँडब्रेक सोडलाय का, विचारलं. त्यानं सोडला होता. मग ब्रेकच्या मागचा हवा काढायचा निपल पान्यानं जरा ढिला करून बघायला सांगितला. तेलाचा थेंब आला, पण चाक मोकळं झालं नाही. म्हणजे दोष तेलाच्या दाबात नव्हता. निपल परत आवळायला लावला. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली होती. दांडा सुटला, पण चाकाकडचं टोक सुटलंच नव्हतं. त्यानं मागच्या खटक्यावर दोन हातोडे मारले आणि चाक फिरू लागलं. "झालं काका, निघतो," म्हणाला. मीही म्हटलं, "निघ."

तिथं माझी चूक झाली. उजव्या चाकाला हात लावून बघ, एवढं मी त्याला सांगितलं नाही. धूर डावीकडं होता, म्हणून आमचं दोघांचंही लक्ष डावीकडंच राहिलं.

आणखी नऊ किलोमीटरवर उजवं चाक वाकडं झालं. बेअरिंगचे रोलर चुरा होऊन बाहेर पडले होते आणि आतला कोन ॲक्सलला असा चिकटला होता की जणू वेल्डिंगच केलंय. मी पुतण्याच्या जीपमधून सामान घेऊन पोचलो तेव्हा दीड वाजला होता. भर पावसात, टॉर्चच्या उजेडात तो कोन छिन्नीनं निघेना. शेवटी जवळच्या वस्तीवरून उसाची ट्रॉली आणली आणि चौदा माणसांनी बोट उचलून तिच्यावर चढवली. वस्तीजवळ पोचेपर्यंत फटफटलं होतं. माणसं सगळी सुखरूप निघाली. पण गोठ्यातली चार जनावरं दावणीलाच गेली. आधी बोट आली असती तर कुणीतरी पोहत जाऊन दावी तरी कापली असती. मालक मला एका शब्दानं बोलला नाही. त्यामुळंच ते जास्त लागलं.

कारण त्या ट्रेलरची देखभाल माझ्याकडं होती. जूनच्या सुरुवातीला मी तो तपासला होता. तपासला म्हणजे काय, तर टोपीवरच्या निपलला ग्रीसगन लावली, चार झटके मारले आणि 'झालं' म्हणून सांगितलं. हब उघडला नव्हता.

हबच्या आत काय असतं

चाक ज्या जाड लोखंडी दांड्यावर फिरतं, तो स्टब ॲक्सल. त्याच्यावर बसणारा चाकाचा पोकळ मध्यभाग म्हणजे हब. बैलगाडीच्या भाषेत बोलायचं तर आख आणि तुंबा. या दोघांच्या मध्ये दोन बेअरिंग असतात. आतल्या बाजूचं मोठं आणि बाहेरच्या बाजूचं लहान. त्यांचे रोलर निमुळते असतात, म्हणून त्यांना टेपर बेअरिंग म्हणायचं. मागून रबरी सील असतं, पुढून पत्र्याची टोपी. या बंद खोलीत ग्रीस असतं. त्या ग्रीसचा पातळ थर रोलर आणि कप यांच्यामध्ये राहतो, तोवर धातूला धातू भिडत नाही.

हब तापण्याची मुख्य कारणं तीन. ग्रीस गेलं किंवा खराब झालं, बेअरिंग चुकीचं आवळलं, किंवा बेअरिंग आधीच खराब झालंय. ही तीन कारणं कुठल्याही ट्रॉलीला लागू आहेत. बोटीच्या ट्रेलरला चौथं कारण आहे, आणि तेच सगळ्यांत वाईट. ते म्हणजे पाणी.

असं बघा. ट्रेलर वीस-तीस किलोमीटर पळून नदीवर आला. हब गरम झालाय, त्याच्या आतली हवाही गरम आहे. आपण लगेच ट्रेलर मागं घेऊन चाकं पाण्यात बुडवतो. हब क्षणात गार होतो. आतली हवा आकसते. हवा ७० अंशांवरून २५ अंशांवर आली तर बंद जागेतला तिचा दाब साधारण आठव्या हिश्शानं कमी होतो. ती पोकळी भरून काढायला बाहेरचं काहीतरी आत ओढलं जाणारच. बाहेर असतं पाणी. ते सीलच्या ओठातून आत शिरतं. तापलेल्या तव्यावरचं झाकण एकदम गार केलं की घट्ट चिकटतं, तसलाच हा प्रकार.

आत गेलेलं पाणी ग्रीसमध्ये मिसळतं आणि ग्रीस ताकासारखं पांढुरकं होतं. मग ट्रेलर शेडमध्ये सहा-आठ महिने उभा राहतो. रोलर कपाला जिथं टेकलेले असतात, तिथं गंजाच्या बारीक रेघा उमटतात. पुढच्या वर्षी चाक फिरायला लागलं की त्या रेघा कानशीसारखं काम करतात. आमच्या त्या ट्रेलरची जूनमध्ये रंगीत तालीम झाली होती. दिवसभरात चार वेळा बोट पाण्यात सोडली आणि चार वेळा काढली. प्रत्येक वेळी हब पाण्याखाली गेला होता. आणि त्याआधी मी मारलेलं नवं ग्रीस बाहेरच्या लहान बेअरिंगपाशीच राहिलं होतं. आतल्या मोठ्या बेअरिंगमध्ये जुनं, पाणी प्यालेलं ग्रीस तसंच होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. ट्रेलरची चाकं बऱ्याचदा लहान असतात, आणि लहान चाकाला तेवढ्याच अंतरासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला ७० सेंटीमीटर व्यासाचं चाक मिनिटाला साधारण ४५५ फेरे घेतं. ५० सेंटीमीटरचं चाक सुमारे ६४०. म्हणजे पिकअपची चाकं निवांत असतात, तेव्हा ट्रेलरचं बेअरिंग धावत असतं.

ब्रेक का चिकटतो

आता ब्रेककडं वळू. अशा ट्रेलरना बहुधा धक्क्यावर चालणारा ब्रेक असतो. पुढच्या गाडीनं ब्रेक मारला की मागचा ट्रेलर पुढं रेटतो. त्या रेट्यानं जोडाचा दांडा आत सरकतो आणि मास्टर सिलिंडर दाबतो. तेलाचा दाब चाकाकडं जातो, ब्रेक शू उघडतात आणि ड्रमला घासतात. गाडी पुढं ओढू लागली की दांडा बाहेर येतो आणि ब्रेक सुटतो. यात ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. पण सुटायचं काम कुठंही अडलं तर ब्रेक लागलेलाच राहतो, आणि पुढं बसलेल्या ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. पिकअपला ताकद एवढी असते की अडकलेलं चाकही ती ओढत नेते.

या अडकलेल्या ब्रेकमधून किती उष्णता निघते, याचा हिशेब मांडून बघा. समजा, चाकाला फक्त वीस किलोचा जास्तीचा ओढा लागतोय. एवढा ओढा पिकअपला जाणवतही नाही. पण ताशी ४० किलोमीटर वेगाला त्यातून जवळजवळ २,२०० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे घरातला दोन हजार वॅटचा गिझर त्या ड्रममध्ये सतत चालू ठेवल्यासारखं झालं, आणि आत पाणीही नाही. काही मिनिटांत लायनर जळू लागतो, वास सुटतो, मग धूर. ती उष्णता ड्रममधून हबमध्ये उतरते आणि ग्रीस पातळ करते. सील जळतं. पातळ झालेलं ग्रीस लायनरवर गेलं तर आग लागायलाही वेळ लागत नाही. म्हणजे रोग ब्रेकचा असला तरी मरण बेअरिंगचं होऊ शकतं.

रोग कुठं आहे ते कसं ओळखायचं

आमचे आजोबा बैलगाडी हाकायचे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. चढ संपला की गाडी थांबवून ते आधी बैलाच्या मानेवर हात ठेवायचे आणि मग चाकाच्या तुंब्यावर. माझ्या कामाची सगळी विद्या मुळात एवढीच. फक्त ती नेमानं करायची.

गाडी थांबली की लगेच बघायचं, कारण दहा मिनिटांनी उष्णता सगळीकडं पसरते आणि काही कळत नाही. आधी तळहात नको, हाताची मागची बाजू चाकाच्या जवळ न्या. झळ लागली तर हात लावूच नका. झळ नसेल तर बोट टेकवा. हात आरामात टेकून राहिला तर काळजी नाही. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर हब ६० अंशांच्या आसपास किंवा त्याच्यावर गेलाय असं समजा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं तर पुढं जायचं नाही.

मग तुलना करायची. पहिली तुलना दोन चाकांची. दोन्ही चाकं सारखी कोमट असतील तर ठीक. एकच तापलं असेल तर दोष त्या चाकात. दोन्ही सारखीच भाजत असतील तर दोष दोघांना सामाईक असलेल्या ठिकाणी. तो जोडाचा दांडा गंजून आत अडकलाय, हँडब्रेक पूर्ण सुटला नाही, किंवा मास्टर सिलिंडरमधलं तेल परत यायचं बारीक भोक गाळानं बुजलंय.

दुसरी तुलना एकाच चाकातल्या दोन जागांची. मधली टोपी जास्त गरम आणि ड्रमची कड त्यामानानं गार, तर बेअरिंग. ड्रमची कड भाजतेय आणि मधली टोपी कमी गरम, तर ब्रेक. हब आणि ड्रम दोन्ही गार, पण टायरच गरम लागतोय, तर हवा कमी आहे किंवा वजन जास्त आहे.

त्यानंतर जॅक लावून चाक उचला आणि हातानं फिरवा. खरखर आवाज आला किंवा हाताला दाणे लागल्यासारखं जाणवलं तर बेअरिंग खराब. वरून आणि खालून धरून हलवल्यावर चाक डुगडुगलं तर बेअरिंग ढिलं आहे किंवा झिजलंय. आवाज नाही, पण चाक जड फिरतंय, तर ब्रेक चिकटलाय. अशा वेळी हवा काढायचा निपल थोडा ढिला करायचा. चाक मोकळं झालं तर तेलाचा दाब अडकलाय; रबरी होज पाइप आतून फुगलाय का, दांडा परत येतोय का, ते बघा. मोकळं झालं नाही तर दोष त्या चाकाच्या आतच आहे. व्हील सिलिंडर जाम, स्प्रिंग तुटलेली, शू फार जवळ बसवलेले, किंवा आमच्यासारखी गंजलेली केबल. तेल निघालं असेल तर निपल आवळून तेलाची पातळी बघायला विसरू नका, आणि हवा शिरल्याची शंका असेल तर ती काढल्याशिवाय त्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका.

उष्णता मोजायची बंदूक आता स्वस्त झाली आहे. ती घेतलीत तर उत्तम. पण २०२० साली कपाळावर धरायची म्हणून घेतलेली बंदूक इथं चालत नाही. ती माणसाच्या तापापुरतीच असते. कारखान्यात वापरतात ती घ्या. आणि चकचकीत टोपीवर ती खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते. टोपीवर काळ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि रोज तिथंच मोजा.

हब उघडायचा म्हणजे काय करायचं

वर्षातून एकदा, पाऊस लागायच्या आधी, हब उघडायचाच. बेअरिंग काढून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवा आणि कोरडं करा. काही पोरं हवेच्या पाइपनं बेअरिंग गरगर फिरवतात. तसं कधीच करू नये, रोलर सुटून डोळ्यात जातो. रोलरवर निळसर झाक दिसली तर ते एकदा चांगलंच तापून गेलंय. खड्डे किंवा गंजाच्या रेघा दिसल्या तर ते टाकून द्या. आणि कोन बदलला की हबमधला कपही बदला. नवा कोन जुन्या कपात बसवणं म्हणजे नव्या जात्याला जुनं पातं लावणं.

ग्रीस तळहातावर घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, वरच्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून फासलेलं ग्रीस आत पोचत नाही. ग्रीस कुठलं, हेही महत्त्वाचं. कॅल्शियम साबणाचं जुनं स्वस्त ग्रीस पाण्याला टिकतं, पण १०० अंशांच्या आसपास वितळून गळू लागतं. लिथियमचं ग्रीस १८० अंशांच्या वर गेल्यावर गळतं. तिथपर्यंत ते काम करतं असा याचा अर्थ नाही, पण हाताशी बरीच सवड राहते. डब्यावर 'व्हील बेअरिंगसाठी' आणि 'पाण्याला टिकणारं' असं दोन्ही लिहिलेलं बघून घ्या. रंग बघून ग्रीस ओळखता येत नाही. आणि दोन प्रकारची ग्रीस एकमेकांत मिसळू नका. काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन गळून जातात. मागचं सील दर वेळी नवं टाका. बेअरिंगच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही.

आता आवळण्याबद्दल. 'घट्ट म्हणजे पक्कं' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत महाग पडणारं खोटं आहे. तरुणपणी मीही बेअरिंगचा नट अंगातल्या ताकदीनं आवळायचो. टेपर बेअरिंग घट्ट आवळलं की रोलर दबतात, ग्रीसचा थर पिळून निघतो आणि हब तापतो. रीत अशी: चाक हातानं फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण ढिला करायचा. त्यानंतर पाना बाजूला ठेवून फक्त बोटांनी तो टेकवायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आवळून नाही, सोडून जुळवायचा. आणि स्प्लिट पिन नवीच. जुनी पिन सरळ करून परत घालू नका. चाक ॲक्सलवर राहतं ते त्या पिनच्या भरवशावर.

ब्रेकचं तेलही विसरू नका. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट ३ जातीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यालेलं तेल मात्र १४० अंशांनाच उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे फुगे होतात आणि दाब चाकापर्यंत पोचतच नाही. आधी चिकटून तापलेला ब्रेक नेमका गरजेच्या वेळी लागत नाही, तो असा. म्हणून हे तेल साधारण दोन वर्षांनी बदला. आणि त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका, सगळी रबरं फुगतात.

रस्त्यावर आणि नदीवर

ट्रेलर निघाल्यावर पहिला थांबा दहा-पंधरा किलोमीटरवर घ्या. चाक उघडून बसवलं असेल तर आणखी लवकर. त्यानंतर दर ५० किलोमीटरला. प्रत्येक थांब्यावर दोन्ही चाकं, न तापलेलं चाकसुद्धा. धूर निघणारं चाक ओरडून सांगतं. बेअरिंग बराच वेळ गप्प असतं.

चाक तापलेलं आढळलं तर त्याच्यावर पाणी ओतू नका. बिडाचा ड्रम तडकतो आणि हब पाणी आत ओढतो. वाळलेल्या गवतापासून लांब थांबा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक लावू नका आणि गार होऊ द्या. कोरड्या पावडरचं अग्निशामक गाडीत असावं.

नदीवर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच चाकं पाण्यात घाला. पाणी हबच्या खाली राहील अशा बेतानं, दोर लांब सोडून बोट उतरवता आली तर आणखी चांगलं. पुराच्या वेळी हे सगळं करायला सवड नसते, मान्य आहे. तेव्हा खुशाल बुडवा, माणसं आधी. पण पाणी ओसरल्यावर त्याच आठवड्यात हब उघडा आणि ड्रममधला गाळ धुऊन काढा. कोकणातल्या मंडळींनी तर खाऱ्या पाण्यातून बाहेर काढल्या काढल्या चाकं गोड्या पाण्यानं धुवावीत. मीठ व्हील सिलिंडर आणि स्प्रिंगा खाऊन टाकतं.

ट्रेलर उभा ठेवताना त्याचं वजन ठोकळ्यांवर घ्या, हँडब्रेक सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चाकं हातानं फिरवा. हँडब्रेक लावून सहा महिने ठेवलेला ट्रेलर म्हणजे शू आणि ड्रम यांचं गंजानं लावून दिलेलं लग्नच.

त्या रात्रीनंतर मी एक गोष्ट सुरू केली. दर वर्षी मे महिन्यात त्या गावात जातो. शेडसमोर ट्रेलर बाहेर काढतो, आणि दोन्ही हब मी नाही, गावातली पोरं उघडतात. मी फक्त खुर्चीवर बसून बघतो. ट्रेलरच्या पुढच्या पेटीत आता एक अख्खा जादा हब ठेवलाय. बेअरिंग, ग्रीस आणि सीलसह तयार, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. त्याच्यासोबत जॅक, जॅकखाली घालायला फळी, पाने, स्प्लिट पिना आणि टॉर्च. रस्त्यात कोन ॲक्सलला चिकटेपर्यंत वाट बघितली नाही तर अर्ध्या तासात चाक बदलता येतं. पोरांनी ते दोनदा घड्याळ लावून करून बघितलंय.

गेल्या मे महिन्यात त्यांनी उजवा हब उघडला. आतलं ग्रीस कुठं कुठं पांढुरकं झालं होतं. पिकअपचा तोच पोरगा माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, हे जुलैला गेलं असतं." मी म्हटलं, "हो, गेलं असतं." त्यानं ते पुसून काढलं, नवं सील घेतलं आणि कामाला लागला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)